नील्दाचा रोबो डावीकडे का वळतो

"गुडघे टेका! माउली त्याला बोलावतेय!"

पानं बघून कौल सांगणारा कासियानोबुवा ओरडला आणि ओरुरो या खाणींच्या शहरातल्या आमच्या विद्यापीठातली भावी इंजिनियर मंडळी खरोखरच गुडघ्यांवर बसली. माझी विद्यार्थिनी नील्दा, तिच्या रोबोने सरळ खडूच्या गोलापर्यंत जायचं होतं. तो डावीकडे वळला आणि थेट खाणकामगारांच्या देवीच्या, खाणमाउलीच्या तसबिरीपुढे थांबला. बाजारातल्या बायकाही मेणबत्त्या घेऊन आल्या होत्या.

नील्दा मात्र रडत होती. ती दोनदा नापास झालेली. आज दुपारच्या परीक्षेत पुन्हा नापास झाली की शिक्षण संपलं, आणि आईच्या बटाट्याच्या गाळ्यावर कायमचं बसणं आलं.

"बाई, रोज प्रोग्राम बदलते हो. आता डोकंच चालत नाही. बुवा म्हणतात, यंत्राचा जीव घाबरून पळालाय."

"पानं स्पष्ट सांगतायत," बुवा कौलाची कोकाची पानं पसरत म्हणाला. "मोठी पूजा घालावी लागेल. आणि तोवर यंत्राला कुणी हात लावायचा नाही!"

हात लावायचा नाही? अहो, मी इथे दुसरं शिकवते काय? मी रोबो उचलला आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला उलट्या तोंडाने ठेवला. तो पुन्हा डावीकडेच वळला, आणि माउलीकडे पाठ करून कचऱ्याच्या डब्यापुढे जाऊन अडला.

"टेका आता गुडघे!" मी म्हटलं. "नील्दा, उलटा कर त्याला."

डाव्या चाकाच्या आसाभोवती रंगीत कागदी फीत गच्च गुंडाळली गेली होती. कार्निव्हलच्या मंगळवारी याच बुवाने आशीर्वाद म्हणून यंत्रांवर बिअर शिंपडून फिती बांधल्या होत्या. एक सुटून आसात अडकली, चाक मंदावलं, यंत्र त्या बाजूला वळू लागलं. तसबीर तिथे होती, एवढंच.

नील्दाने फीत ओढून काढली. रोबो सुटला आणि उजवीकडच्या भिंतीवर आदळला.

"बघा, माउली कोपली!" बुवा गरजला. सगळे दचकले. खरं सांगते, क्षणभर मलाही तसंच वाटलं.

नील्दा पडद्यावर प्रोग्राम वाचत होती.

"माउली नाही हो, मी," ती म्हणाली. "डावीकडे वळतोय म्हणून मीच प्रोग्राममधून त्याला रोज उजवीकडे ढकलत होते." तिने त्या ओळी पुसल्या. "चूक माझी आहे. म्हणजे मला दुरुस्त करता येईल."

माउलीशी माझं भांडण नाही. घरी मीही मेणबत्ती लावते. पण पोरांनो, यंत्र वाकडं चाललं तर गुडघे टेकण्याआधी ते उलटं करून बघा.

परीक्षक आले. नील्दाने आधी दोन्ही चाकं फिरवून पाहिली, मग रोबो खाली ठेवला. तो सरळ खडूच्या गोलापर्यंत गेला.