खिडकीतले रीळ

ग्रंथपालांच्या बैठकीच्या खोलीत काचेचे एक कपाट होते, आणि घरातल्या साऱ्या कुरबुरी तिथे येऊन थांबत. प्रत्येक प्रवासातून एक वस्तू उचलून आणायची, हा त्यांचा नेम. पडक्या शाळेची घंटा, बंद गिरणीचे दातेरी चाक, कुणाच्या तरी दाराची कडी. हे कुणाचे, असे पत्नीने विचारले की उत्तर ठरलेले: पडून होते, मी वाचवले. मुलगी त्याला ‘बाबांचा चोरबाजार’ म्हणे. ते हसण्यावारी नेत. वाचनालयात मात्र चुकीच्या फळीवर पुस्तक ठेवणाऱ्याला हेच गृहस्थ फैलावर घेत. जागेवरून हललेले पुस्तक हरवल्यातच जमा, हे त्यांचे ब्रीद!

एका सुटीत ते एकटेच एका आडबाजूच्या गावी उतरले. गाव इतके निःशब्द, की स्वतःच्या पावलांना आपणच ओ द्यावी. अर्धी घरे रिकामी. पण एकाही दाराला कुलूप नाही, आणि खिडक्या सताड उघड्या. जणू कुणी हाक ऐकून नुकतेच आत गेले आहे आणि बाहेर यायचे विसरले आहे.

चौथ्या गल्लीतल्या एका घरात ते शिरले. शिवणयंत्रावर धूळ नव्हती. हे त्यांना दिसले, पण त्यांनी मनावर घेतले नाही. खिडकीच्या कठड्यावर बोटांनी गुळगुळीत झालेले एक लाकडी रीळ होते, कडेला तीन खाचा असलेले. त्यांनी ते खिशात टाकले.

दुपारी त्या घरासमोरच्या बाकावर ते बसची वाट पाहत होते. भिंतीवरून हात फिरवत एक वृद्धा आली. तिचा हात त्या कठड्यावर थांबला, पुढे सरकला, मागे आला, पुन्हा चाचपू लागला. रिकाम्या लाकडावर फिरणाऱ्या त्या बोटांचा आवाज ग्रंथपालांना रस्त्यापलीकडे ऐकू आला. मग ती खिडकीपासून मागे सरली आणि आतल्या काळोखाला अदबीने म्हणाली, “माफ करा हं. घर चुकले वाटतं.”

तिने शेजारची खिडकी चाचपली, त्यापुढची चाचपली. तेवढ्यात सायकलवरून पोस्टमन आला.

“काकू, अहो, तुमचंच घर ते.”

“नाही रे. माझ्या घराला माझी खूण असते.”

पोस्टमनने तिला पायरीवर बसवले आणि तो वाकून कठड्याखाली शोधू लागला. ग्रंथपाल उठून जवळ गेले तेव्हा त्याने शोधता शोधताच सांगितले: ही गावची शिंपीण. नऊ वर्षांपूर्वी दृष्टी गेली, भाचीकडे राहते, पण दुपारी आपल्या यंत्रापाशी तासभर बसल्याशिवाय तिला करमत नाही. ओल धरू नये म्हणून रिकाम्या घरांच्या खिडक्या तोच सकाळच्या फेरीत उघडतो आणि संध्याकाळी लावतो.

“पाहुणे विचारतात, इथं कुणी राहतं का?” तो म्हणाला. “साहेब, घरात दिवा लागला तरच माणूस राहतो का? रोज कुणाचा तरी हात फिरतो, तेवढ्यावर ही घरं उभी आहेत.”

वळणावर बस दिसली. ती थांबली, तिने भोंगा वाजवला. चार पावले टाकली असती, तर कुणाला काही कळले नसते! ग्रंथपालांची पावले हलली नाहीत. बस निघून गेली. त्यांनी रीळ वृद्धेच्या तळव्यावर ठेवले.

“मी नेलं होतं, काकू. मला वाटलं, इथं कुणी नाही.”

अंगठ्याने तिने तिन्ही खाचा ओळखल्या.

“मी होते की,” ती म्हणाली.

घरी परतल्यावर त्यांनी कपाट रिकामे करायला घेतले. अकरा वस्तूंची ठिकाणे आठवली. त्या त्यांनी आपापल्या गावी धाडल्या. उरलेल्या एकोणीस कुठल्या, हे आता त्यांनाही सांगता येत नाही. दुपार कलली की त्या खोलीत लाकडावर बोटे फिरल्याचा आवाज येतो. तो फक्त त्यांनाच ऐकू येतो.

वाचकहो, परक्या गावी जाल तेव्हा एवढे ध्यानात असू द्या: आपल्याला कुणी दिसले नाही, म्हणून तिथे कुणी नसते असे नाही. वस्तू उचलायला क्षण पुरतो. तिची जागा मात्र कुणीतरी जन्मभर चाचपत राहते.