चढावरची कोरडी वाळू

मी एक जुनी लोखंडी पेटी आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो! डोंगर चढणाऱ्या छोट्या आगगाडीला चाळीस वर्षं मी वर पोचवलं आहे. खोटं वाटत असेल तर ऐका.

पायथ्याच्या कारखान्यात एका लोहाराने पत्रा ठोकून मला घडवलं आणि इंजिनाच्या अगदी पुढ्यात, बसायच्या फळीजवळ जोडलं. माझ्या पोटात असायची वाळू. धुकं उतरलं की रूळ ओले व्हायचे आणि चढावर इंजिनाची चाकं जागच्या जागी गरगर फिरायची. रुळावर चिमूटभर कोरडी वाळू पडली की चाक पकड घ्यायचं. केवढं ते धूड, आणि त्याला आधार चिमटीचा! ज्यांनी हा रूळ डोंगरावर नेला त्यांच्यापुढे मी आजही हात जोडते, म्हणजे हात असते तर जोडले असते. दरी आडवी आली तिथे त्यांनी पूल बांधला. वळायला जागा नव्हती तिथे गाडी आधी मागे नेली, मग पुढे काढली आणि तशीच वर चढवली.

ही वाळू टाकायला फळीवर डावीकडे दाजी बसायचे, उजवीकडे त्यांचा मेहुणा. दोघांचा हात इतका बसलेला की चालत्या गाडीतूनही वाळूचा दाणा रुळाबाहेर जायचा नाही. पण एका संध्याकाळी दाजी बोलून गेले, "अरे, तू वाळू टाकतोस की पेरतोस?" झालं! मेहुण्याने अबोला धरला. दाजी तरी कुठे कमी? तेही तोंड फिरवून घरी गेले.

चाळलेली वाळू संध्याकाळी माझ्यात भरायची आणि सकाळी शेडमधल्या कढईत खरपूस भाजून परत ठेवायची, ही त्यांची रीत. उद्या कोण भाजणार, हे ते निघताना ठरवायचे. त्या दिवशी ते राहूनच गेलं. सकाळी मी भरलेली दिसले आणि दोघांनाही वाटलं, दुसऱ्याने भाजली. माझ्या पोटात ओल होती हो, पण पेटीचं कोण ऐकतं?

आणि नेमके त्याच दिवशी रेल्वेचे मोठे साहेब गाडीत होते. ही गाडी चालू ठेवायची की कायमची बंद करायची, हे त्यांच्या हातात होतं. सगळ्यात उभ्या चढावर चाकं घसरली. दाजींनी माझ्यात हात घातला, तर वर आला ओला गोळा.

"तू भाजली नाहीस?"

"मला वाटलं तुम्ही भाजली!"

गार्डने करकचून ब्रेक आवळले. गाडी थांबली. दाजींनी कपाळावर हात मारून घेतला. "माझ्या जिभेने गाडी खाल्ली रे!"

"दाजी, रडायचं ते वर गेल्यावर रडा. आधी फावडं आणा!"

मेहुण्याने ड्रायव्हरच्या कोळशाच्या फावड्यावर वाळू घेतली आणि सरळ इंजिनाच्या भट्टीत धरली. वाफ निघाली, वाळू तडतडली. दाजी ती गरम वाळू ओंजळीत घेऊन धावत जायचे आणि रुळावर पसरायचे. हात पोळत होते, पण माणूस थांबेल तर शपथ! साहेब खाली उतरले. आता ओरडणार, असं मला वाटलं. त्यांनी कोट काढून फळीवर ठेवला, बाह्या सरसावल्या आणि माझ्यातले ओले गोळे फोडायला बसले.

तासाभराने चाकांनी पकड घेतली. शिट्टी देत गाडी वर पोचली. साहेब दाजींच्या पोळलेल्या तळव्यांकडे बघत म्हणाले, "गाडी बंद करायचा कागद मी लिहून आणला होता. आता नाही माझ्याने सही होणार. पण वाळू काही तुमच्या भांडणावर सोडायची नाही बरं का!"

महिन्याभरात इंजिनाला रुळावर आपोआप वाळू सोडणारे नळ बसले. दाजी आणि मेहुणा शेडमध्ये वाळू भाजायच्या कामावर गेले, आणि मी आले वरच्या स्टेशनातल्या, जुन्या वस्तू मांडलेल्या काचेच्या खोलीत. मला उतरवलं तेव्हा फार वाईट वाटलं, लपवत नाही. गाडी राहिली, माझी जागा गेली. हरकत नाही. गाडी राहिली ना!

मित्रांनो, तुम्ही या गाडीने याल तेव्हा फलाटावरून रुळाकडे नीट बघा. त्यावर वाळूची बारीक रेघ दिसेल. कचरा, साली, काही म्हणून तिच्यावर टाकू नका. तुम्ही सगळे तिच्याच भरवशावर वर येणार आहात.