गोदामातल्या कॉलेजचा सूक्ष्मदर्शक

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक. पितळी अंगाचा, वजनाने भारी आणि स्वभावाने चौकस. काचपट्टीवर काय ठेवलंय ते मला कधीच दिसत नाही. मला दिसतो तो वरून वाकलेला डोळा, आधी बारीक झालेला आणि मग एकदम मोठा होणारा. त्या डोळ्याला काय दिसलं असेल, याचं मला पहिल्यापासून कुतूहल.

शहरातल्या मोठ्या कॉलेजात मी तीस वर्षं राबलो. पुढे विजेवर चालणारे नवे सूक्ष्मदर्शक आले आणि माझी रवानगी कपाटात झाली. अकरा वर्षं कोणी ढुंकून पाहिलं नाही. मग एक दिवस एक तरुण सर मला मागायला आले. त्यांच्या गावी धान्याच्या रिकाम्या गोदामात नवं कॉलेज सुरू झालं होतं. त्याआधी सगळ्यांत जवळचं कॉलेज बसने पाच तासांवर, त्यामुळे बहुतेकांचं शिक्षण बारावीलाच थांबायचं. सरांनी मला मांडीवर घेऊन तिथे नेलं.

पण चित्र स्पष्ट करायची माझी फिरकी जागची हलेना. आणि विद्यापीठाची तपासणी आठवड्यावर आलेली. प्रात्यक्षिकं होत नसतील तर विज्ञानाचा वर्ग बंद करू, असं पत्रच होतं.

"सर, मी बघू का जरा?" वर्गातली घड्याळवाली म्हणाली. ती दोन मुलांची आई, घड्याळदुरुस्तीचं दुकान चालवायची. बारावीनंतर वीस वर्षांनी तिने कॉलेजात नाव घातलं होतं. तिने मला उघडलं. "यंत्र ठणठणीत आहे. आतलं ग्रीस गोंदासारखं वाळलंय, एवढंच." दोन दुपारी बसून तिने ते सुईने खरवडलं, थेंबभर तेल सोडलं, आणि माझी फिरकी सुरळीत फिरू लागली.

तपासणीच्या बाई कडक होत्या. "तेवीस विद्यार्थी आणि सूक्ष्मदर्शक एकच?"

"आम्ही पाळीपाळीने बघतो," घड्याळवाली म्हणाली.

"तुम्ही इथे नोकरीला का?"

"नाही, पहिल्या वर्षाला. दुकानात सासूबाई बसतात. गिऱ्हाइकाला सांगतात, सून कॉलेजात गेलीय, चारनंतर या."

बाई हसल्या नाहीत. त्या माझ्यावर वाकल्या. काचपट्टीवर तळ्याच्या पाण्याचा थेंब होता. त्यांचा डोळा बराच वेळ हलला नाही. "हे पळतंय ते काय आहे, सांगेल कोणी?" त्यांनी विचारलं, आणि तेवीसच्या तेवीस जण एकदम बोलू लागले.

वर्गाला दोन वर्षांची मान्यता मिळाली, पुढे ती कायम झाली. आता माझ्या शेजारी सहा नवे सूक्ष्मदर्शक आहेत, तरी मी कामावरच आहे. गेल्या महिन्यात सासूबाई स्वतः आल्या. सुनेने त्यांना कांद्याचा पापुद्रा दाखवला. "अगं, ही तर ओळीने बांधलेली घरं," त्या म्हणाल्या, "आणि मी जन्मभर चिरत बसले."

मित्रांनो, तुमच्याकडच्या कपाटात माझा एखादा भाऊबंद पडून असेल, तर त्याची धूळ पुसा, त्याला तेल द्या. आणि जिथे बघणाऱ्यांची रांग लागेल, तिथे त्याला पाठवून द्या.