नववा फर्मा

ताईची नजर गेल्यापासून तिला वाचून दाखवणारं कुणी नव्हतं. तिच्या मुलीला नोकरीतून वेळ नाही आणि मी शहराच्या दुसऱ्या टोकाला. तेव्हा मी घरी बसून पुस्तक मोठ्यानं वाचायचं, रेकॉर्ड करायचं आणि तिच्या फोनमध्ये टाकायचं, असं ठरलं. चाळीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितं तपासली. मनातल्या मनात वाचायची सवय. मोठ्यानं वाचायचं म्हटलं की माझी मलाच लाज वाटते. म्हणून भाचीला पहिला प्रश्न हाच विचारला, "हा आवाज कुठं बाहेर तर जाणार नाही ना?"

"मामा, तुझा आवाज चोरायला कोण टपून बसलंय?" ती म्हणाली. पण माझं तोंड बघून तिनं ताईच्या फोनमध्ये एक साधा प्लेअर शोधून घातला. गाणी, व्हिडिओ, काहीही वाजवतो. नाव-नंबर विचारत नाही, जाहिराती दाखवत नाही, इंटरनेटला हात लावत नाही. "आणि काय ऐकलं, कितीदा ऐकलं, यातलं काही लिहून ठेवत नाही. तुझ्यासारखाच आहे, तोंडातून अक्षर काढायचा नाही."

मला तो प्लेअर फार आवडला. तेव्हा.

पुस्तक ताईनंच सांगितलं होतं. शाळेत असताना तिनं ती कादंबरी, नायिका घर सोडून निघते तिथवर वाचली आणि वडिलांनी हातातून काढून घेऊन परत करून टाकली. "त्या बाईचं पुढं काय झालं, ते साठ वर्षं माझ्या घशात अडकलंय," असं ती म्हणायची. मी वाचायला बसण्याआधी तिनं बजावलं, "जसंच्या तसं वाच. डोळे गेल्यापासून सगळे मला गोड करून सांगतात. डॉक्टर गोड, मुलगी गोड. शेजारीण तर मेलेल्या माणसाचीही तब्येत सुधारते आहे म्हणून सांगते. तू तरी साखर घालू नकोस."

बरीच दुकानं पालथी घालून एक जुनी प्रत मिळाली. सोळा-सोळा पानांची जुडगी एकावर एक शिवून पुस्तक बांधतात; त्या जुडग्याला आम्ही फर्मा म्हणतो. मी एका बैठकीत एक फर्मा वाचायचो, त्याची एक फाइल. आठवा संपला, पान एकशे अठ्ठावीस. उलटलं, तर पुढं पुन्हा एकशे तेरा. बांधणाऱ्यानं आठवा फर्मा दोनदा घातला होता आणि नववा घातलाच नव्हता. ग्रंथालयातली प्रत काढून पाहिली, तीही तशीच. एकशे अठ्ठावीसवर ती बाई घर सोडून निघते आणि एकशे पंचेचाळीसवर त्याच घराच्या पायरीवर बसलेली असते. मधलं कुणाला ठाऊक.

ताईला सांगायला हवं होतं. तिचा नंबरही लावला. पण साठ वर्षं अडकलेलं नेमकं तेच, आणि ते नाही म्हणून सांगायला माझी जीभ रेटेना. मी तब्येतीची चौकशी करून फोन ठेवला. मग जे केलं, ते लिहिताना आजही हात आखडतो. चार दिवस बसून ती सोळा पानं मी स्वतः लिहिली. जन्मभर लोकांचे काना-मात्रे दुरुस्त केले, स्वतःचं एक वाक्य कुणाला दाखवलं नाही. आणि आता सोळा पानं, दुसऱ्याच्या नावावर. ती वाचून नववी फाइल म्हणून टाकली.

त्यानंतर मला घास गोड लागेना. फोनवर विचारायचो, "कुठवर आलीस?" ती म्हणायची, "चाललंय." भाचीला विचारलं, "तिनं नववी ऐकली का, ते त्या प्लेअरवरून कळेल?"

"कसं कळणार? कशाची नोंद नको म्हणून तूच जीव काढला होतास."

शेवटी नववी काढूनच टाकायची, फाइल खराब झाली म्हणून सांगायचं, असं ठरवून एका दुपारी तिच्याकडे गेलो. ती चहा ठेवायला आत गेली. फोन टेबलावर होता. प्लेअर उघडला. एक ते बावीस, सगळ्या फायली सारख्या. कशावर खूण नाही. तिनं ऐकली नसेल तर मी सुटलो. ऐकली असेल तर आणखी एका खोट्यात सापडलो. नववीवर अंगठा दाबून धरला. काढून टाकायची का, असं फोननं विचारलं.

"नववी शोधतोयस ना?" ताई आतून म्हणाली.

अंगठा जागीच थिजला. भिंतीला एक बोट लावत ती कप घेऊन आली, टेबलाची कड चाचपून कप ठेवला आणि समोर बसली.

"ऐकून झाली. दोनदा."

"आवाज बरा आलाय?" याहून शहाणं मला काही सुचलं नाही.

"बाकीच्या फायलींत तू पान उलटतोस ते ऐकू येतं. नववीत एकदाही नाही. सुटे कागद एकाखाली एक सरकवत होतास."

"ताई, ती पानं…"

"नव्हती. कळलं. कुणी लिहिली तेही कळलं. घर सोडून आलेल्या बाईला थेट छापखान्यात मुद्रितं तपासायला तुझ्याशिवाय कोण बसवणार?"

मी हसायला गेलो, पण ती हसत नव्हती.

"मला राग आलाय, पुस्तक्या. लिहिलंस म्हणून नाही. सगळे करतात तेच तूही केलंस. पानं नाहीत एवढं सांगितलं असतंस तर मी काय मरणार होते?"

"काढून टाकतो," मी म्हणालो.

"हात लावू नकोस. ती बाई परत का येते, ते मला पटलेलं नाही. त्यावर आपण नंतर भांडू. आधी एक छोटी फाइल कर, नववीच्या आधी वाजेल अशी. पानं नाहीत, आणि पुढचं कुणाचं आहे, ते त्यात सांग."

"घरी जाऊन करतो."

"घरी जाऊन तू नवी पळवाट लिहिशील. आत्ता कर."

मी तिच्याच फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. "या पुस्तकाच्या प्रतीत नववा फर्मा नाही." इतकं सहज आलं. "पुढील मजकूर अन्य व्यक्तीनं…"

"कोण अन्य व्यक्ती?"

पुन्हा केलं. या वेळी नुसतंच खाकरलो. फोन शर्टाला पुसला. तिसऱ्यांदा डोळे मिटून म्हणालो, "पुढची सोळा पानं मी लिहिली आहेत." खोलीत ते वाक्य फार मोठं वाटलं.

ताईनं फोन मागून घेतला, ते वाक्य ऐकलं आणि लगेच नववी लावली. मी उठायला लागलो.

"बस," ती म्हणाली. "तेहतीस मिनिटांची आहे."

मी बसलो. ती बाई घर सोडून निघाली होती. पहिल्याच परिच्छेदात एक विशेषण जास्त झालं होतं. ताई मान किंचित कलती करून ऐकत होती, आणि मला टेबलाच्या कडेशिवाय दुसरीकडे बघवत नव्हतं.