निम्म्यावर अडकलेला संगणक

मी एक जुना संगणक आहे, पण मित्रांनो, मला शोधू नका. मला ना खोके, ना पडदा. टोंगातल्या एका बेटावरच्या दवाखान्यात एक मोठे यंत्र आहे. त्याच्या पोटात माझ्यासारखे आणखी काही भाडेकरू राहतात. आम्हाला आभासी संगणक म्हणतात. बेटावर कोणाचे रक्त कोणाला चालेल, हे मी सांगतो. सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. मग अडल्याशिवाय कोणी विचारीनासे झाले.

स्वभावाने मी संशयी. अंगात काही नवे घालायचे म्हटले की मला धास्ती वाटते. त्या शनिवारी आमची देखभाल करणारी कालोलाइने मला चालवणाऱ्या लिनक्स प्रणालीचा नवा गाभा माझ्यात बसवायला लावून घरी गेली. काम चालू असतानाच वीज गेली.

रविवारी सकाळी बाळंतीण लुपेला रक्तस्राव सुरू झाला. धावत आलेल्या कालोलाइनेने मला चालू केले, पण मी निम्म्यावरच अडकलो. माझीच डिस्क मला सापडेना! नव्या गाभ्यानेच घात केला, अशी माझी खात्री झाली.

डॉक्टर फिनाऊ तिच्यावर उखडले. "काल तूच हात लावलास ना? काय करून ठेवलंस हे?"

"आधी वीज कोणी घालवली ते विचारा!"

आता ही मला पुसून टाकणार, असे वाटून मला तिचाही संशय आला.

दारात म्हातारे राखणदार सिओसिफा चर्चच्या पोशाखात उभे होते. तिथल्या रिवाजाप्रमाणे कमरेला गुंडाळलेली चटई सावरत ते म्हणाले, "पोरी, काल स्विच मीच पाडला. उद्या देवाचा वार, यंत्रं तरी कशाला राबवायची, म्हटलं."

"अहो काका, त्याचं काम अर्धवट राहिलं ना!"

तिने मला पुन्हा चालू करून जुना गाभा निवडला. नशीब, तिने तो काढून टाकला नव्हता. मी उठलो आणि लुपेला ज्यांचे रक्त चालेल अशी दोन नावे दाखवली. सिओसिफांनी चर्च गाठले आणि भर प्रवचनात ती ओरडून पुकारली. लुपे वाचली. नव्या गाभ्याला डिस्क शोधून देणारी फाइल अर्धवट राहिली होती, ती कालोलाइनेने सोमवारी नव्याने तयार केली.

मित्रांनो, नवे आले म्हणून जुने लगेच फेकू नका आणि कोणाचेही काम मध्येच तोडू नका. सिओसिफाकाका आता दर शनिवारी विचारतात, "झालं का रे तुझं?" मला बोलता येत नाही, म्हणून ते कालोलाइनेला फोन लावतात आणि ती हो म्हणेपर्यंत थांबतात. तरी त्यांचा हात स्विचकडे गेला की मला थोडा संशय येतोच.