काळी गोटी

केस्लर शहरात आता जन्माला येता येत नाही. मरायची तेवढी सोय आहे. इस्पितळातलं बाळंतपण बंद झाल्यापासून पोरं शेजारच्या काउंटीत जन्मतात आणि वयात आली की त्याच रस्त्याने कायमची निघून जातात. शेगड्यांचा कारखाना गेला, त्यामागे बँक गेली, चपलांचं दुकान गेलं. मेन स्ट्रीटवर उरली म्हातारी माणसं आणि डुकरांच्या कत्तलखान्यात कामाला आलेल्या मेक्सिकन लोकांची चार दुकानं. म्हाताऱ्यांनी त्या दुकानांची पायरी चढायची नाही आणि वर गाव ओस पडलं म्हणून गळा काढायचा, असा एकूण कारभार.

ऑर्विल लिंडक्विस्ट त्याच म्हाताऱ्यांतला, पण त्याचं दुखणं वेगळं होतं. कारखान्यातल्या कामगारांनी आजोबांच्या काळी काढलेल्या लॉजचा, म्हणजे बंधुमंडळाचा, तो अध्यक्ष. लॉजमधले सगळे एकमेकांचे बंधू. एके काळी त्यांचा बँड होता, नाच होते, आजारी बंधूच्या घरी शिधा जायचा. आता एकच व्रत उरलं होतं: बंधू मेला की त्याची शवपेटी चर्चपासून टेकडीवरच्या दफनभूमीपर्यंत बंधूंनीच हातांनी उचलून न्यायची. चाकांचा गाडा लावायचा नाही. ऑर्विलच्या बापाला असंच नेलं होतं, आणि आपणही असंच जायचं, हे त्यानं मनाशी पक्कं धरलं होतं. पेटीला कड्या सहा. लॉजमध्ये उचलण्याजोगे बंधू पाच, तेही डॉक्टरांचं न ऐकणारे.

मार्चमध्ये वॉल्ट नावाच्या बंधूची पेटी नेताना चढावरच डेल्बर्ट या दुसऱ्या बंधूचा पाय घसरला. पेटी कलंडली. समोरच्या टायरच्या दुकानातून तिथला मेक्सिकन दुकानदार एफ्रेन सामुदिओ धावत आला आणि त्यानं खालून खांदाच लावला.

"सोडू नका! धरलंय मी!" तो ओरडला आणि वरपर्यंत आला. काळ्या ग्रीसचे डाग पेटीला लागले म्हणून वर त्यानंच माफी मागितली.

त्याच दिवशी ऑर्विलनं ठरवलं, ह्याला लॉजमध्ये घ्यायचा.

"मला?" एफ्रेन हसला. वडीलधाऱ्याला तो आदरानं 'डॉन' म्हणायचा. "डॉन ऑर्विल, तुमच्या लोकांना चालेन मी?"

"न चालायला काय झालं? तुझ्याइतकी धड पाठ आहे का एकाची तरी?"

"म्हणजे पाठ हवीय तुम्हाला."

ऑर्विल ओशाळला. "पाठीसकट सगळाच ये," तो म्हणाला.

मतदानाच्या संध्याकाळी एफ्रेन नवा कोट घालून आला. बायको ओफेलिया सोबत होती, तिच्या हातात मक्याच्या पिठाच्या वाफवलेल्या तमालेंनी भरलेलं मोठं पातेलं. दोघं खालच्या दालनात बसली. वर सभागृहात रिवाजाप्रमाणे दिवे मंद केले. मतदानाच्या पेटीत हात घालायचा. माणूस पसंत असला तर पांढरी गोटी टाकायची, नसला तर काळी. एक जरी काळी निघाली तरी माणूस बाद, आणि त्याचं नाव पुन्हा काढायचं नाही.

"आता तमालेच खायच्या का बटाट्याच्या सॅलडऐवजी?" व्हर्न म्हणाला. तो जन्माचा तिरकस.

"तू मेल्यावर कोण उचलणार तुला? सॅलड?" डेल्बर्टनं त्याला गप्प केलं. डेल्बर्ट ऑर्विलचा शाळेपासूनचा जिवलग. एकाच भट्टीवर दोघांनी उमेदीची वर्षं घालवली होती.

पेटी उघडली. पांढऱ्या गोट्यांमध्ये एक काळी होती.

मग प्रत्येकानं शपथ घेतली, मी पांढरीच टाकली. ऑर्विलनं व्हर्नकडे पाहिलं. व्हर्न उसळला, "माझ्याकडे काय बघतोस? तोंड वाकडं असेल माझं, हात नाही!" पण त्याच्यावर विश्वास कुणी ठेवायचा? बंधू एकेक करून मागच्या जिन्यानं सटकले. ऑर्विल एकटा खाली गेला. त्याचा चेहरा पाहूनच एफ्रेन उठला.

"राहू द्या, डॉन ऑर्विल. बोलू नका."

ओफेलिया पातेलं तिथंच ठेवून गेली. दुसऱ्या दिवशी ऑर्विलनं ते जसंच्या तसं दुकानात नेऊन दिलं. मनात चोर होता. झाकण काढायचंही त्याच्यानं झालं नाही.

व्हर्नशी बोलणं तुटलं. जूनमध्ये एके सकाळी पेट्रोल पंपावरच्या बाकावर ऑर्विल आणि डेल्बर्ट नेहमीसारखे चेकर्स खेळत होते. डेल्बर्ट पांढऱ्या सोंगट्यांनी खेळत होता. बोलता बोलता त्यानं ऑर्विलची काळी सोंगटी उचलली आणि पुढे सरकवली.

"माझी आहे ती, गाढवा."

"हो का?" डेल्बर्टनं ती नाकाशी नेली. "इथं सावली आहे रे." थोड्या वेळानं त्यानं पुन्हा तेच केलं. मग पटावरून मान वर न करता म्हणाला, "बिचारा एफ्रेन. कुठल्या मेल्यानं टाकली असेल रे ती काळी?"

हा माणूस भर उजेडात चुकतोय, आणि सभागृहात तर दिवे मंद होते. त्याला सांगावं? सांगून काय होणार होतं? राहिलेले दिवस तो झुरत बसला असता. "काय माहीत," ऑर्विल म्हणाला आणि मुद्दाम डाव हरला.

मग तो तडक एफ्रेनकडे गेला. एफ्रेन टायर चाकावर चढवत होता. ऑर्विलनं सगळं सांगितलं: डेल्बर्टची अधू नजर, मंद दिवे, जिवलग मित्र. "कुणाच्या मनात काही नव्हतं रे. नुसती चूक झाली."

एफ्रेननं हात पुसले. "गोटी चुकली असेल. डोळ्यांना काय करणार?" तो शांतपणे म्हणाला. "पण जिना तर सगळ्यांना दिसत होता ना? एकही जण खाली आला नाही. आणि पातेलं तुम्ही स्वतः आणून दिलंत, डॉन ऑर्विल. भरलेलं."

ऑर्विलला लाज वाटली, इतकी की घरी जाऊन तो अंधारात बसून राहिला.

नोव्हेंबरात डेल्बर्ट गेला. व्हर्न आलाच नाही. राहिलेल्यांपैकी एकाला चालायला काठी लागत होती. अंत्यविधीवाल्यानं काही न विचारता चाकांचा गाडा आणला आणि पेटी त्यावर चढवली. म्हातारे दोन्ही बाजूंनी एकेक कडी धरून चालू लागले, उचलल्यासारखं दिसावं म्हणून. चढावर चाकं कुरकुरत होती.

टायरच्या दुकानातला आवाज थांबला. एफ्रेन बाहेर आला. त्यानं टोपी काढली, डेल्बर्टसाठी मान झुकवली आणि फुटपाथच्या कडेला उभा राहिला. ऑर्विलनं त्याच्याकडे पाहिलं; पाहतच राहिला. रस्ता काही फार रुंद नव्हता, पण एफ्रेन तो ओलांडून आला नाही.

ऑर्विलनं कडी घट्ट धरली. त्यानं हात काढून घेतला असता, तरी गाडा चाललाच असता.