पुढच्या चाकाजवळची ठक

मी एक म्हातारी जीप आहे, मित्रांनो. माझ्या गोष्टींतल्या निम्म्या खऱ्या समजा आणि उरलेल्या नुसत्या ऐकून घ्या. आज मात्र मी अकोल्यात, जुन्या गाड्या तोडतात त्या आवारात उभी आहे. इथं थापा मारून मिळवायचं काही राहिलेलं नाही.

चांदूर बाजारच्या अब्दुल रहीम मिस्त्रींनी मला जुनी म्हणून घेतलं. त्यांचं काम वरूडकडच्या संत्र्याच्या बगिच्यांत जाऊन ट्रॅक्टर, पंप दुरुस्त करायचं. पावसाळ्यात तिथली काळी माती गाडीला पोटापर्यंत गिळते. म्हणून त्यांनी माझ्या स्प्रिंगच्या कमानीत दोन पाटे वाढवले, मला वीतभर उंच केलं आणि पायांत हे मोठाले टायर घातले. मग काय विचारता. नत्थुजींच्या बगिच्यात फसलेला ट्रॅक्टर मी असा ओढला, की त्याच्यासोबत संत्र्याचं एक झाडही मुळासकट निघालं आणि दोन मृग बहार, म्हणजे दोन हंगाम, माझ्या मागच्या हौद्यात फळं देत राहिलं. चिखलदऱ्याच्या घाटात बिबट्यानं बाजूला होऊन मला वाट दिली. बरं, कुत्रं होतं ते. पण मोठं होतं.

आता खरं सांगते. गाडीचा पुढचा भाग ठक-ठक वाजायला लागला, की आवाजाची जागा एकट्या माणसाला सापडत नाही. एकानं सीटवर बसून स्टेअरिंग जरा डावीकडे, जरा उजवीकडे झटकायचं. दुसऱ्यानं खाली झोपून एकेका सांध्यावर पंजा ठेवायचा. कान फसतात; पण जो सांधा ढिला, तिथं बोटांना ठोका लागतो. आमच्याकडे खाली मिस्त्री झोपत आणि वर त्यांच्या बेगम आयशाबी बसत.

"दायें. आता बायें. हळू नाई, झटका दे."

"सकाळपासून दायें-बायें करून राहिली, गाडी अजून अंगणातच हाये."

"बोलू नको, बोटाले समजू दे."

"गाडीतली ठक बरी सापडते तुमाले. घरात मीठ संपलं थे काहून नाई सापडत?"

खालून हसण्याचा आवाज येई. दिवसभर गिऱ्हाईक, संध्याकाळी पाहुणे; त्या दोघांना निवांत बोलायला जागा मिळायची ती फक्त माझ्याजवळ, एक वर, एक खाली. म्हणून मित्रांनो, निम्म्या वेळी मला काही झालेलंच नसे. मी आपली मुद्दाम एखादी ठक काढून द्यायचे.

दोन वर्षांपूर्वी आयशाबी गेल्या. तीन दिवसांचा ताप, बस. त्यानंतर माझ्या पुढच्या डाव्या चाकाजवळ खरीखुरी ठक सुरू झाली. मिस्त्रींनी बोनेटवर थाप मारली आणि म्हणाले, "राहू दे तुहे नखरे. आता कोण हाये वर बसाले?" आणि ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. माझ्या खोडीचं फळ मला मिळालं.

आवाज वाढला तसा त्यांचा मुलगा हसनैन घाबरला. "अब्बा, तुमी रोज त्या आडरस्त्यानं जाता. स्टेअरिंगनं दगा दिला तं? जुम्म्यापर्यंत आवाज सापडला तं गाडी राह्यते. नाई तं अकोल्याचा भंगारवाला पंजाबराव घेऊन जाईन."

मिस्त्री कामाला लागले. बुश बदलले, शॅकल बदललं, दोन्ही किंगपिन नवे घातले. ठक तशीच. हसनैन म्हणाला, मी वर बसतो. मिस्त्री म्हणाले, "तुले झटका देता येत नाई." शेजाऱ्यानं विचारलं तर त्यालाही तेच. आयशाबींच्या जागी दुसरा हात त्यांना चालेना. स्वतःच स्टेअरिंग झटकत, उडी मारून उतरत आणि सत्तरीच्या गुडघ्यांनी खाली सरपटत; तोवर मी गप्प. शेवटी त्यांनी स्टेअरिंगला दोरी बांधली, खाली झोपले आणि खालून ओढू लागले. दोरीची ओढ सावकाश, तिच्यानं ठक वाजेचना. ते दोरी ओढत आणि सवयीनं पुटपुटत, "दायें. आता बायें." वरून कुणी बोलत नव्हतं. मला त्यांना ठकेची जागा दाखवायची होती हो, पण गाडीला एकच शब्द येतो आणि तो मी फुकट उधळला होता.

जुम्म्याच्या सकाळी त्यांची सून नाजिया चहा घेऊन आली. पाहिलं, कप ओट्यावर ठेवला, दोरी सोडली आणि कुणाला न विचारता सीटवर चढली.

"अब्बा, कोणीकडे आधी?"

मिस्त्रींनी पंजा सांध्यावर ठेवला. मग खालून आवाज आला, "दायें."

तिनं झटका दिला.

"बायें. दायें. पुन्हा. पुन्हा दे, बेटा."

"दिला. सापडलं?"

स्टेअरिंगचा बॉक्स चासीला, म्हणजे माझ्या पाठीच्या कण्याला, चार बोल्टांनी कसलेला असतो. तिथं मिस्त्रींच्या बोटांना ठोका लागला. एक बोल्ट ढिला होऊन पडला होता आणि महिनोन्‌महिने त्या मोठ्या टायरांचे हिसके खात चासीच फाटली होती. त्यांनी पेचकसाचं टोक टेकवलं, ते गंजातून आरपार गेलं.

ते बाहेर आले, ओट्यावर बसले. चहा घेतला नाही.

"आवाज सापडला नं?" हसनैन म्हणाला. "मंग गाडी राह्यते. वेल्डिंग मारू."

"कोठी मारतं? धरायले लोखंडच नाई राह्यलं." मग ते सुनेकडे वळले. "तुले तवाच बसवलं असतं, तं एका बोल्टचं काम होतं."

नाजिया म्हणाली, "तुमी बोलावलंच नाई, अब्बा."

"हाव. नाई बोलावलं."

दुपारच्या नमाजेनंतर पंजाबरावांनी मला साखळीनं ट्रॅक्टरमागं बांधलं. ओढून न्यायच्या गाडीचं स्टेअरिंग कुणीतरी धरावं लागतं. मिस्त्री कुणाला धरू देईनात, स्वतःच सीटवर बसले. अकोल्यापर्यंत प्रत्येक खड्ड्यात मी वाजत गेले आणि प्रत्येक वेळी ते "हाव, हाव" म्हणत गेले, आजारी माणसाला म्हणतात तसं.

इथं आल्यावर पंजाबरावांनी विचारलं, "मिस्त्री, काय काय चांगलं हाये हिच्यात?"

"इंजिन चांगलं हाये. गेरबॉक्स चांगला हाये."

"आन पुढचा भाग?"

"तो कापून टाका. कोणाले देऊ नका."

मग ते एसटी स्टँडकडे चालत गेले. त्यांनी मागे वळून पाहिलं असं मी सांगितलं असतं, पण आज थापा नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी एकटंच एखादी मोडलेली वस्तू घेऊन बसलं असेल, तर बोलावण्याची वाट पाहू नका. जाऊन जवळ बसा. ते रागावतील, तुला जमत नाही म्हणतील. बसा तरी. आणि तुम्हाला स्वतःला काही दुखत असेल, तर गमतीत सांगू नका, नीट सांगा.

पंजाबराव गॅसकटर पेटवत आहेत. पुढूनच सुरुवात करणार म्हणतात.